आधी वायर काढा

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा वाढली ती नेटवर्क असणारच या गृहीतावर. जिने ती घडवली त्या सन मायक्रोसिस्टिम्सचं ब्रीदवाक्यच होतं, ‘नेटवर्क म्हणजेच कॉम्प्युटर’. जॉन गेज यांनी १९८४ मध्ये ते रूढ केलं, आणि मे १९९५ मध्ये जावा जगापुढे आली ती हॉटजावा नावाच्या ब्राउझरचं बोट धरून. कोड दूरच्या कुठल्यातरी मशीनवरून येणार, तुमच्यासमोर चालणार, तो कुठून आला याची फिकीर तुम्ही करायची नाही. पुढे ॲपलेट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे हे छोटे प्रोग्रॅम, गेले, सन ओरॅकल कंपनीच्या पोटात गेली, जावा मुकाट्याने सर्व्हरवर जाऊन बसली. पण वळण काही गेलं नाही. जावाचं एखादं वेब ॲप्लिकेशन इंटरनेट नसलेल्या मशीनवर चालवायला घ्या, मग ते कुठेकुठे जाऊन दार वाजवत होतं ते एकेक करून बाहेर येतं. यातलं बरंचसं कुणी मुद्दाम ठरवलेलं नसतं. नेट होतं म्हणून चालून गेलेलं असतं, एवढंच.

मला हे सगळं बघायला मिळालं उत्तर कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी. तिथलं सार्वजनिक वाचनालय जुनं, ‘अ’ वर्गातलं. कपाटांत जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड, आणि कोकणातला दमट पावसाळा. पान उलटलं की कडेचा तुकडा बोटाला चिकटून येतो अशी अवस्था. ते स्कॅन करायचे, मशीनकडून मजकूर वाचून घ्यायचा आणि वाचनकक्षात बसून कुणालाही शोधता येईल असं करायचं, एवढं काम होतं. नेटची गोष्ट मी पहिल्याच बैठकीत काढली, तर कार्यवाह म्हणाले, “अहो, लाइट टिकली तरी गंगेत घोडं न्हालं. नेटचं काय घेऊन बसलात!” ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मंडणगड-दापोलीकडेही खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणजे टॉवर नाही, टॉवर नाही म्हणजे नेट नाही. हा हिशेब तिथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरंही एक कारण होतं, आणि मला ते जास्त पटलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. नियतकालिकाच्या एका अंकात पंधरा लेखक. त्यातले निम्मे टोपणनावाने लिहिणारे. कोण कधी गेलं कुणाला ठाऊक. कार्यकारिणीने सरळ ठरवून टाकलं की स्कॅन वाचनालयाच्या भिंतींबाहेर जाणार नाहीत. म्हणजे नेट नसणं ही आता अडचण राहिली नाही, अट झाली. आणि अडचणीपेक्षा अट बरी. अडचण आहे म्हटलं की माणूस पळवाटा शोधतो. अट आहे म्हटलं की नीट काम करतो.

सॉफ्टवेअर म्हणून डीस्पेस घेतलं, दस्तऐवज साठवून शोधायला देणारं. एमआयटीचं ग्रंथालय आणि एचपी यांनी मिळून २००२ मध्ये बाहेर आणलेलं, फुकट, मुक्त, आणि आपल्याकडच्या कितीतरी विद्यापीठांत प्रबंध ठेवायला वापरलं जाणारं. ते स्वतः जावात, ते चालवणारा वेब सर्व्हर टॉमकॅट आणि शोधासाठीचं सोलरही जावात; मागे डेटाबेस पोस्टग्रेस. आम्ही सहावी आवृत्ती घेतली. गंमत म्हणजे पानावरचा मजकूर वाचणारं टेसरॅक्ट हेही मुळात एचपीच्याच प्रयोगशाळेतलं, १९८५ ते १९९४ या काळात घडलेलं. एकाच घरातली ही दोन भावंडं जोडताना काय अडलं ते पुढे येईलच.

पहिला अडसर बांधणीचा. डीस्पेस तयार डब्यात येत नाही. मेव्हन नावाच्या साधनाने मूळ कोडपासून बांधावं लागतं, आणि मेव्हन बांधताना शेकडो जार फाइली, म्हणजे जावाच्या तयार कोडचे गठ्ठे, नेटवरून ओढतो. यावर कुणीही सांगेल की बांधणी पुण्यात, आमच्या ऑफिसात करा आणि तयार फोल्डर घेऊन जा. पण आम्हाला पडद्यावरची लेबलं मराठीत हवी होती. डीस्पेस नोंदींच्या वरच्या गटाला ‘कम्युनिटी’ म्हणतं; ग्रंथपाल बाईंनी त्याला ‘दालन’ सुचवलं, आठवड्याने ‘विभाग’ बरं वाटलं, मग परत दालन. प्रत्येक बदलाला नवी बांधणी आणि प्रत्येक बांधणीला पुण्याची वारी, हे परवडणारं नव्हतं. म्हणून मेव्हनचं स्थानिक भांडार, ते एम-टू नावाचं लपलेलं फोल्डर, आख्खं पेनड्राइव्हवर उचललं. मेव्हनला ऑफलाइन चालायला सांगणारा पर्याय आहे. आधीच सगळं ओढून ठेवणारी आज्ञाही आहे, पण तिच्यावर विसंबू नये. काही प्लगइन आपल्याला काय हवं ते ऐन कामाच्या वेळी ठरवतात; चाचण्या चालवणारं शुअरफायर त्यातलंच एक. खात्रीचा मार्ग एकच. कोऱ्या भांडारावर एकदा पूर्ण बांधणी करायची, मग नेटची वायर काढून परत करायची.

तरी तिथे पोहोचल्यावर मेव्हन म्हणाला, ही जार माझ्याकडे नाही. फोल्डर उघडून बघतो तर जार समोर. आकार बरोबर, चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा ठसा) बरोबर. झालं होतं असं की मेव्हन ३ प्रत्येक जारच्या शेजारी एक छोटी नोंद ठेवतो, ही फाइल कुठल्या भांडारातून आली याची. पुण्यात ती ऑफिसच्या मिररमधून, म्हणजे नेटवरच्या भांडाराच्या ऑफिसातल्या प्रतीतून आलेली, त्या मिररला एक नाव. वाचनालयातल्या मशीनवर त्या नावाचं भांडार सेटिंगमध्ये नाही, म्हणून फाइल हाताशी असून ‘उपलब्ध नाही’. धान्य घरात आहे, पण पावती दुसऱ्या दुकानाची म्हणून शिजवायचं नाही, अशातला प्रकार. ही नोंद ठेवण्यामागे कारण आहे, ते रास्तही आहे. मोठ्या टीममध्ये कुठून काय आलं ते कळायलाच हवं. पण कोकणातल्या खोलीत पंखा बंद असताना ते रास्त वाटत नाही. सेटिंगची फाइल सोबत नेली की प्रश्न सुटतो.

आता गाभ्याकडे येतो. टेसरॅक्ट पान वाचून मजकूर देतं, तो एचओसीआर नावाच्या साच्यात. कुठला शब्द पानावर कुठे आहे याचे आकडेही त्यात असतात, म्हणून शोधलेला शब्द स्कॅनवर रंगवून दाखवता येतो. ही फाइल म्हणजे साधं एक्सएचटीएमएल, एक्सएमएलच्या नियमांनी लिहिलेलं वेबपान. तिच्या डोक्यावर एक ओळ असते, डॉकटाइपची, आणि त्या ओळीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या एका डीटीडी (व्याकरणाच्या) फाइलचा पत्ता. हा पत्ता म्हणजे खरं तर नुसती ओळख. हे कागदपत्र अमुक व्याकरणाचं आहे, बस. पण जावाचा एक्सएमएल वाचणारा भाग ही ओळख म्हणजे आमंत्रण समजतो. तुम्ही व्याकरण तपासायला सांगितलेलं नसलं तरी तो ती डीटीडी आणायला जातो. तपासणी करणं आणि बाहेरची फाइल आणणं हे त्याच्या लेखी वेगळे स्विच, आणि दुसरा आपोआप चालूच असतो.

आमचं आयात करायचं छोटं जावा टूल प्रत्येक पानाची एचओसीआर फाइल उघडायचं. म्हणजे दर पानामागे एक चक्कर, डब्ल्यूथ्रीसीच्या दारापर्यंत. पुण्यात हे चालत होतं, फक्त हळू. मशीन जुनं आहे, टेसरॅक्टच्या फाइली जड आहेत, मराठी जोडाक्षरं आहेत, अशी कारणं एकमेकांना सांगून सगळे समाधानी होते. वाचनालयात वायर नव्हती, म्हणून पहिल्याच पानाला टूल आडवं पडलं: होस्ट सापडत नाही. आणि तेव्हा कळलं की पुण्यातला तो हळूपणाही टेसरॅक्टचा नव्हता.

डब्ल्यूथ्रीसीने फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीरपणे गाऱ्हाणं मांडलं होतं. वर्षानुवर्षं न बदललेल्या या फाइलींसाठी त्यांच्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येत होत्या. तीच फाइल, त्याच मशीनकडून, पुन्हा पुन्हा. मागणाऱ्यांमध्ये जावाच्या लायब्रऱ्या ठळक होत्या. त्यांनी विनवण्या केल्या, मग अशा मागण्यांना मुद्दाम उशिरा उत्तर द्यायला सुरुवात केली. जगभरात कुठेकुठे प्रोग्रॅम रेंगाळत होते, त्यांचे मालक मेमरी वाढवत होते, आणि दिरंगाई होत होती दूर कुठल्यातरी वैतागलेल्या सर्व्हरवर. असल्या पत्त्यांचा भरवसा किती असतो तेही वर्षभर आधी दिसलं होतं. नेटस्केपच्या जुन्या संकेतस्थळावरून आरएसएसची एक डीटीडी जानेवारी २००७ मध्ये नाहीशी झाली आणि तिच्यावर विसंबलेले फीड वाचणारे प्रोग्रॅम लटकले. फाइल तात्पुरती परत ठेवावी लागली.

उपाय दोन ओळींचा आहे. पार्सरला, म्हणजे त्या एक्सएमएल वाचणाऱ्या भागाला, सांगायचं की बाहेरची डीटीडी आणू नकोस, किंवा कुणी ती मागितली की जारमध्ये ठेवलेली प्रत हातावर ठेवायची. आम्ही दुसरा केला, कारण डीटीडीत काही चिन्हांच्या व्याख्या असतात आणि त्या लागतात. त्यानंतर तेच जुनं मशीन पानं सपासप गिळायला लागलं. नेट काढल्यावर वेग वाढला हे ऑफिसात सांगितलं तर पोरं हसली.

स्प्रिंग या जावा प्रोग्रॅमच्या तयार चौकटीचं याहून मासलेवाईक. स्प्रिंगच्या एक्सएमएल फाइलीतही असेच पत्ते असतात, पण ती मंडळी शहाणी. प्रत्येक जारच्या आत एक तक्ता असतो, अमुक पत्ता मागितला की बाहेर जाऊ नको, ही बघ आतली प्रत. मग आपल्यापैकी कुणीतरी सोयीसाठी सगळ्या जार एका मोठ्या जारमध्ये कोंबतो. तक्त्याच्या फाइलचं नाव सगळ्यांत एकच, म्हणून एक तक्ता दुसऱ्यावर बसतो आणि एकच उरतो. नेट आहे तोवर हे लक्षात येत नाही, कारण स्प्रिंग गुपचूप बाहेरून प्रत आणतो. नेट गेलं की एरर येते ‘बीन्स’ नावाचा घटक जाहीर केलेला सापडत नाही अशी. ती वाचून माणूस बीन्स शोधत बसतो. तक्ते एकमेकांवर बसवण्याऐवजी एकाखाली एक जोडा, असं मेव्हनच्या शेड प्लगइनला सांगता येतं. एवढंच. पण ‘कालपर्यंत चालत होतं’ या वाक्याच्या मागे असं किती काय दडलेलं असतं!

टॉमकॅट स्वतः या बाबतीत सज्जन. वेब डॉट एक्सएमएलवरचे जुने सनचे पत्ते तो आतल्या आत सोडवतो. त्याची तक्रार वेगळीच निघाली: सुरू व्हायला लागणारा वेळ. एक तर मशीनचं नाव होस्ट्स फाइलमध्ये नव्हतं, म्हणून ‘मी कोण’ हे विचारायला जावा नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडे जायची आणि तिथे कुणीच नसल्यामुळे वाट बघत बसायची. दुसरं, सेशनचे क्रमांक तयार करायला लागणारे यादृच्छिक आकडे. जुन्या लिनक्समध्ये ते उंदीर, कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांच्या हालचालींतून गोळा होत. कोपऱ्यात ठेवलेल्या, कीबोर्ड नसलेल्या, शांत सर्व्हरवर हालचाल कसली? टॉमकॅट लॉगमध्ये नोंद टाकतो, तयारीला इतके इतके मिलिसेकंद लागले, आणि तो आकडा सहा अंकी असतो. लिनक्सच्या ५.६ कर्नलपासून हे सुधारलंय.

एक चीज मात्र मला अजून चकित करते. जावात दोन यूआरएल सारखे आहेत का असं विचारलं, तर जुना यूआरएल क्लास दोन्ही होस्टचे आयपी पत्ते शोधायला नेटवर जातो. दोन नावं एकाच आयपीवर गेली तर तो म्हणतो, सारखे. नेट नसेल तर नावांची अक्षरं पडताळतो आणि म्हणतो, वेगळे. म्हणजे दोन वस्तू सारख्या की निराळ्या हे वायर लावली आहे की नाही यावर ठरणार. हे नव्वदच्या दशकात कुणीतरी लिहिलं, आणि जुना कोड मोडू नये म्हणून आजवर तसंच ठेवलंय. यूआरआय क्लास वापरा, तो असले उद्योग करत नाही.

हे झालं सर्व्हरचं. खरी करमणूक वाचकांच्या बाजूला होती. आधी आम्ही लावलेला देवनागरी फॉन्ट गुगलच्या सर्व्हरवरून यायचा. तो सोबत ठेवला. चित्रांची बटणं चौकटी झाली होती. तो आयकॉन-फॉन्टही सोबत ठेवला. हे करायचंच असतं आणि सगळे करतात. पण वाचकांचे फोन! वाचनालयाच्या वायफायला फोन जोडला की अँड्रॉइड लगेच गुगलच्या एका पत्त्यावर जाऊन येतो, नेट आहे का बघायला. तिथून ठराविक रिकामं उत्तर, २०४ क्रमांकाचं, आलं नाही की तो ठरवतो हे वायफाय कुचकामी, आणि कुणाला न सांगता मोबाइल डेटावर उडी मारतो. वरच्या पट्टीत वायफायचं चिन्ह दिसतंय, वाचक वाचनालयातल्या सर्व्हरचा १९२ ने सुरू होणारा पत्ता टाकतोय, आणि मागणी चाललीये सिमकार्डातून बाहेर, जिथे हे वाचनालय अस्तित्वातच नाही. ‘तुमचं मशीन बिघडलंय’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला बाई आता अर्ध्या वाक्यातच थांबवतात. “फोन द्या इकडे. हा बघा, विचारतोय ना, इंटरनेट नाही तरी जोडलेलं राहू का? हो म्हणा आणि ‘पुन्हा विचारू नको’वर टिचकी मारा.”

या पडताळणीला खोटं उत्तर देणारा सर्व्हर आपणच ठेवावा असंही सुचवणारे भेटतात. मी नाही म्हटलं. फोनने प्रामाणिक प्रश्न विचारलाय, त्याला प्रामाणिक ‘नाही’ मिळू दे.

डीस्पेसच्या आणखी एका सवयीने वेगळाच घोटाळा घातला. प्रत्येक नोंदीला ते कायमचा क्रमांक देतं, हँडल म्हणतात त्याला. ही हँडलची व्यवस्था रॉबर्ट कान यांच्या संस्थेची. इंटरनेटचा टीसीपी-आयपी हा मूळ नियमसंच घडवणाऱ्या दोघांपैकी ते एक. पैसे भरून स्वतःचा उपसर्ग घेतला नाही तर डीस्पेस १२३४५६७८९ हा खेळण्यातला उपसर्ग लावतं, आणि नोंदीच्या पानावर हँडलच्या जागतिक संकेतस्थळाचा पत्ता ‘संदर्भासाठी हा वापरा’ म्हणून ऐटीत छापतं. तालुक्याचा इतिहास लिहिणारे एक निवृत्त गुरुजी रोज यायचे. त्यांनी ते सगळे पत्ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतले होते, तळटीपांसाठी. घरी मुलाच्या फोनवर उघडून पाहिले तर एकही उघडेना. “अहो, कायमचा म्हणून लिहिलंय ना वर?” त्यांचं म्हणणं चूक कसं म्हणणार? पत्ता बदलायची सेटिंग आहे, पण ती पुढच्या नोंदींना लागू होते; आधीच्या नोंदींत तो मजकूर म्हणून कोरला गेलेला असतो. ते डेटाबेसमध्ये शिरून बदललं. आता तिथे नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक, पान येतं आणि खाली वाचनालयाचं नाव. गुरुजी म्हणाले, आधीच असं का नाही केलंत, संदर्भ असाच देतात. खरंय.

घड्याळाचं थोडक्यात. नेट नाही म्हणजे वेळ जुळवणारं कुणी नाही. लाइट जाते, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल उतरलेला असतो, आणि मशीन उठतं ते भलत्याच साली. डीस्पेस इमानदारीत नोंदवतं की हा अंक कित्येक वर्षांपूर्वी दाखल झाला, आणि ‘नुकतेच आलेले’ या यादीतून तो गायब होतो. सेल बदलला. सोमवारी उघडताना बाई फोनवर बघून वेळ ताडतात, म्हणजे शेवटी वेळ टॉवरकडूनच येते, फक्त मधे माणूस आहे.

नेट नसल्याचा फायदा काय, असं विचारतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीचं भोक उघडं पडलं तो आठवडा आठवा. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर लिहिला गेला की जावा बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन तिथला कोड आणून चालवायची. हॉटजावाचंच जुनं स्वप्न, चुकीच्या दाराने आत आलेलं. पुण्यातले सगळेजण शनिवार-रविवार सर्व्हर झाकत बसले होते. वाचनालयातलं मशीन बाहेर जाऊच शकत नव्हतं. शिवाय डीस्पेस ६ मध्ये लॉगफोरजेची पहिली पिढी होती, जिच्यात हे भोक नव्हतं. तरी निर्धास्त कुणी राहू नये. तिथला धोका पेनड्राइव्हवरून येतो, आणि तो मीच खिशात घालून नेतो. म्हणून एकच पेनड्राइव्ह, आत काय आहे त्याची यादी आणि चेकसम कागदावर छापून बाईंकडे. त्या चेकसमची पहिली आणि शेवटची चार अक्षरं खरोखर ताडून बघतात.

डीस्पेस ६ चा अधिकृत आधार जुलै २०२३ मध्ये संपला. सातवी आवृत्ती २०२१ पासून आहे आणि तिचा चेहरा अँग्युलर या जावास्क्रिप्टच्या चौकटीचा, म्हणजे जावाशेजारी आता जावास्क्रिप्ट चालवणारा नोडही हवा आणि त्याची हजारो बारकी पॅकेजं. ती यार्न या पॅकेज आणणाऱ्या साधनाच्या ऑफलाइन साठ्यात भरून नेता येतील, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की सातव्या आवृत्तीत लॉगइनची कुकी फक्त एचटीटीपीएसवर चालते; सवलत आहे ती लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनवरून उघडणाऱ्याला. वाचनालयातल्या खासगी आयपी पत्त्याला त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र बाहेरची कुठलीही मान्य संस्था देणार नाही. आपलंच मूळ प्रमाणपत्र तयार करून ज्या दोन-तीन मशीनवर नोंदी होतात तिथे बसवता येईल. वाचकांना लॉगइन लागत नाही, त्यांच्या फोनला हात लावायची गरज नाही. हे सगळं मी कार्यकारिणीपुढे मांडलं. कार्यवाहांनी ऐकून घेतलं आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, शोध आत्तापेक्षा बरा लागेल का? मी म्हटलं, फारसा फरक नाही. “मग मे महिन्यात बघू,” त्या म्हणाल्या, “आणि येताना तिकडेच वायर काढून चालवून बघा, मगच आणा.”